आधी मयताची सूचना

माझ्या आईच्या मातीला आमच्या चर्चच्या मंडळीतलं जवळजवळ कोणी नव्हतं. भाऊ-भावजय होते, शिरूरच्या माझ्या शाळेतल्या दोघी बाया होत्या, आमच्या आळीतली बौद्ध घरं लहानथोरांसकट आली होती. पेटीला खांदा द्यायला भावाच्या कंपनीतली पोरं होती. सणसवाडीला त्याच्या खोलीशेजारी राहणारी, बिहारकडची. त्यांनी आईला कधी पाहिलंही नव्हतं. आणि ज्या मंडळीत आईनं उभं आयुष्य काढलं, ती मंडळी त्याच वेळी दौंडच्या आमच्या चर्चच्या अंगणात अमृतमहोत्सवाच्या फोटोला उभी होती.

हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. मी याचा सूड घेतला, आणि तो कसा घेतला ते सांगायचं आहे.

आई रविवारी पहाटे गेली. बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली होती, तरी ती पहाट अचानकच आली. उजाडल्याबरोबर मी पहिला फोन आमच्या चर्चच्या सेक्रेटरींना केला. रेल्वेच्या ऑफिसातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. मंडळीच्या सगळ्या सूचना त्यांच्या हातात होत्या. रविवारी उपासनेत सूचना तेच वाचायचे आणि व्हॉट्सॲपचा ग्रुपही तेच चालवायचे. त्या ग्रुपवर फक्त त्यांनाच लिहिता यायचं, बाकी सगळ्यांनी वाचायचं. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, त्या रविवारी नगरला गेले होते.

मी म्हटलं, "साहेब, आई गेली. बारा वाजता माती ठेवलीय. उपासना सुटल्यावर सगळ्यांना थेट कबरस्तानात यायला सांगा."

"अरेरे. ओके बाई, टाकतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

एवढं झाल्यावर दुसऱ्या कुणाला सांगायची गरज मला वाटली नाही. आईला आंघोळ घालायची होती, पांढरं पातळ नेसवायचं होतं. शिरूरला राहणाऱ्या एका निवृत्त पाळकांना भावानं बोलावून घेतलं. बाराला आम्ही रेल्वे लाइनीपलीकडच्या कबरस्तानात पोचलो आणि वाट बघत थांबलो. उन्हाळा होता. कडुनिंबाच्या तुटपुंज्या सावलीत पेटी ठेवली होती. कोणी येईना. शेवटी आमचे शेजारी मोटारसायकलवरून चर्चकडे बघायला गेले. परत आले तेव्हा माझ्याकडं न बघता भावाशी बोलले.

"तिथं फोटो चाललाय. समदी बाकांवर चढून उभी हायेत. म्या गेटावर त्या तुमच्या साहेबांना सांगितलं, मावशीला कवाची आणून ठिवलीया. तर म्हनाले, व्हय, माहितीय, येतोच आमी."

कबर खणणारा माणूस म्हणाला, "बाई, ऊन लई वाढलंय. आता थांबू नये." शिरूरच्या पाळकांनी प्रार्थना केली. मी मूठभर माती टाकली. गाणं म्हणायला आमच्या धर्माची इनमीन चार माणसं. माझ्या आईनं त्या गावातल्या कितीतरी मातींना पहिलं कडवं उचललं होतं.

आईबद्दल थोडं सांगायला हवं. ती चार बुकं शिकलेली, रेल्वे कॉलनीत घरकाम करून आम्हाला वाढवणारी बाई. मोबाईलचा ग्रुप निघण्याआधी मंडळीतली बातमी पायी फिरायची, आणि ती आईच्या पायांनी फिरायची. कोण दवाखान्यात आहे, कुणाची सून माहेरी निघून गेलीय, कुणाच्या घरी चूल पेटलेली नाही, हे तिला पाळकांच्या आधी कळायचं. ती सगळ्यांना सगळं सांगत नसे. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, बारशाचं आमंत्रण राहू देऊन ती भर दुपारी लाइनीपलीकडं कुणा तापकऱ्याची खबर द्यायला का निघाली. ती म्हणाली, "ज्याला मानसाची आत्ता गरज हाय, त्याचं आधी सांगावं. ज्याला कवतिक पायजे, तो थांबतोय की." चर्चमधल्या सूचनांबद्दल याहून शहाणं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही.

दुपारी उशिरा माझ्या फोनवर मंडळीच्या ग्रुपचा संदेश आला. लिलीच्या फुलांचं चित्र, त्यावर आईचा आधारकार्डावरून कापलेला फोटो, वय चुकलेलं. खाली चर्चच्या अमृतमहोत्सवाचं बोधचिन्ह आणि 'शोकाकुल' म्हणून पंच कमिटीचे गोल गोल फोटो. सेक्रेटरीसाहेबांचा सगळ्यांत मोठा, हसरा. माती होऊन गेल्यावर मातीचं आमंत्रण.

मग घरी माणसं लोटली. अंगणभर गुलाबी साड्या आणि पांढरे शर्ट. फोटोसाठी तसं नेसून या म्हणून आठवडाभर सूचना येत होत्या. बाया माझ्या गळ्यात पडून रडल्या. "आम्हाला सांगितलंच नाही गं," हे प्रत्येकीच्या तोंडी होतं. उपासनेत फोटोची वेळ, रांगेत कोणी कुठं उभं राहायचं, स्मरणिकेच्या जाहिराती, तरुण संघाचे क्रिकेटचे सामने, सगळं वाचून झालं होतं. आईचं नाव घेतलं गेलं नव्हतं. मी कोणावर चिडले नाही. त्या गुलाबी साड्यांकडे बघत बसले आणि माझ्या आत काहीतरी थंड होत गेलं.

दोन-तीन दिवसांनी कमिटी सांत्वनाला आली. प्रार्थना झाली, चहा झाला. मी सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, तुम्हाला पहाटेच कळलं होतं. उपासनेत का सांगितलं नाही?"

ते अजिबात गडबडले नाहीत. मला तेच जास्त लागलं. म्हणाले, "बाई, फोटोग्राफर पुण्याहून आला होता. त्याची पुन्हा तारीख मिळत नाही. मयताचं सांगितलं असतं तर निम्मी मंडळी उठून गेली असती, उरलेल्यांचे चेहरे पडले असते. म्हटलं, फोटो झाल्यावर टाकू. तुमच्या भावना मी समजू शकतो. पण एवढी मोठी मंडळी चालवायची म्हणजे प्रायॉरिटी ठरवावी लागते."

कपबशा गोळा करता करता मी म्हटलं, "बरोबर आहे. ठरवावीच लागते."

त्या दिवशी मी ठरवलं, की या माणसाच्या हातातून सूचना काढून घ्यायच्या. ज्या गोष्टीसाठी त्यानं माझी आई मागं ढकलली, ती गोष्ट म्हणजे त्याचं चारचौघांत दिसणं. ते मी त्याला मिळू देणार नव्हते.

मी घाई केली नाही. रोज शाळा सुटल्यावर शिरूरहून न्हावऱ्याच्या वाटेनं एसटीनं यायचे आणि घरी न जाता कुणातरी एकाच्या दारात जायचे. तोवर स्मरणिका छापून आली होती, आणि तो फोटो घरोघरी फ्रेम करून लागला होता. मी बसायचे, पाणी प्यायचे, फोटोकडे बघायचे. "छान आलाय. तुम्ही हसताय पण छान. साडेबारा झाले असतील ना तेव्हा? त्याच वेळी आईवर माती पडत होती." एवढंच. कुणावर आरोप नाही, आवाज चढवणं नाही. मग फोटोग्राफरची आणि चेहरे पडण्याची गोष्ट सांगायचे, साहेबांच्याच शब्दांत. त्यांच्या शब्दांत मला भर घालावी लागली नाही. पुढच्या खेपेला त्या घरात जाई तेव्हा भिंतीवर नुसता खिळा दिसायचा. असे खिळे बघताना मला सुख होत होतं, हे लपवण्यासारखं नाही.

रेल्वे कॉलनीतले एक म्हातारे आप्पा होते. आईला बहीण मानायचे. त्यांच्याकडं साधा फोन, ग्रुपबिप नाही. त्यांना आई गेल्याचं कितीतरी दिवसांनी बाजारात कळलं. ते म्हणाले, "मला मोबाईलवरलं वाचाय येत न्हाई, म्हंजी मी मंडळीत न्हाईच का?" मी त्यांना म्हटलं, "आप्पा, हेच वार्षिक सभेत उभं राहून बोला."

सभेत ते बोलले. मीही बोलले. साहेबांनी त्या दिवशी मोठा पडदा लावून चर्चच्या प्रसाराचा आराखडा मांडला होता: फेसबुकवर थेट उपासना, दरवाज्यावर एलईडीचा फलक, रंगीत मासिक, पुण्यातल्या मोठ्या चर्चसारखं सगळं. पोरांना ते आवडलं. मी उठून एवढंच विचारलं, "साहेब, या आराखड्यात मयत कुठं बसतं?"

ते म्हणाले, "बाई, प्रत्येक गोष्ट व्यक्तिगत घेऊ नका."

"मयत व्यक्तिगतच असतं," मी म्हटलं.

 मग मी माझं म्हणणं मांडलं. ते नवं काही नव्हतं, आईचं होतं. मयत आणि आजारपणाला मुहूर्त नाही, कळल्याक्षणी फोन जायला पाहिजे, आणि ज्यांच्याकडं फोन नाही त्यांच्या दारात माणूस जायला पाहिजे. रविवारी सूचनांची सुरुवात त्यानंच व्हावी. त्यानंतर कुणाला काम हवंय, रक्त हवंय, कुणाला मुलांच्या शिकवणीची अडचण आहे, ते. उपासनेच्या वेळा बदलल्या तर त्या, थोडक्यात. वाढदिवस, सत्कार, बढत्या सगळ्यांत शेवटी, वेळ उरला तर. आणि कुठल्याही सूचनेवर पदाधिकाऱ्याचा फोटो नको.

शेवटचं वाक्य मी साहेबांकडं बघून म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. फोटोग्राफर तिथं असायला हवा होता, असं माझ्या मनात आलं.

हात वर झाले. बायांचे सगळे, आप्पांसारख्यांचे सगळे. सूचनांचं काम माझ्याकडं आलं. साहेब कमिटीवर राहिले, पण माइक गेला आणि ग्रुपही गेला. ग्रुप मी सगळ्यांना लिहिता येईल असा केला.

नंतरची दोनेक वर्षं मी ते काम अगदी नियमानं केलं, आणि नियमानंच त्या माणसाला मारलं. साहेबांच्या मुलाला परदेशात नोकरी लागली. ते मजकूर आणि फोटो घेऊन आले. मी म्हटलं, "ठेवा. वेळ उरला तर शेवटी वाचू." त्या रविवारी कुणाची अँजिओप्लास्टी होती, पाबळकडच्या एका कुटुंबाची गाडी उलटली होती. वेळ उरला नाही. त्यांच्या नातीचा नंबर आला, तेव्हाही उरला नाही. कुठल्याशा संस्थेनं त्यांना पुरस्कार दिला, तेव्हा तर मी आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थना इतक्या सावकाश घेतल्या की पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं. मंडळी मात्र बदलत होती. दवाखान्यात माणसं पोचू लागली. मातीला गर्दी होऊ लागली. ज्या घरांचं आपसांत बोलणं नव्हतं, ती घरं दुखण्याच्या निमित्तानं एकमेकांच्या दारात उभी राहिली. लोक मला म्हणायचे, बाई, आईचा वसा चालवताय. मी मान डोलवायचे. वसा होता तसा डावही होता.

पाळकसाहेबांना ते दिसत होतं. एकदा त्यांनी मला थांबवून घेतलं. "बाई, मंडळीचं भलं होतंय, मला नाकारायचं नाही. पण ही सेवा आहे की सूड?"

"दोन्ही," मी म्हटलं.

क्षमेबद्दलचा ठरलेला उतारा काढायला त्यांनी बायबल उघडलं. मी म्हटलं, "मला पाठ आहे तो. तुम्ही त्या दिवशी नगरला होतात." त्यांनी पुस्तक मिटलं. मी जरा जास्तच बोलले, पण मागे घेतलं नाही.

मग एका मंगळवारी बाजारात भाजी घेताना साहेबांच्या घरी काम करणारी बाई भेटली. तिच्याकडून कळलं, की साहेबांच्या मिसेसना अर्धांगवायूचा झटका आलाय, पुण्याच्या दवाखान्यात ठेवलंय, आणि साहेबांनी कुणालाही सांगू नको म्हणून ताकीद दिलीय. कमिटीला नाही, पाळकांना नाही. का, ते मला लगेच कळलं. सांगायचं तर मला सांगावं लागलं असतं.

मी भाजीची पिशवी घेऊन तिथंच एका दुकानाच्या पायरीवर बसले. गप्प बसायचं म्हटलं असतं तर सोपं होतं. त्यांचीच ताकीद होती, मला कोणी दोष दिला नसता. एकट्यानं दवाखान्याच्या बाकावर बसून बघा म्हणावं, कसं वाटतं. पण मला ते पुरेसं वाटेना. एकटा माणूस स्वतःची समजूत घालतो, की जग असंच असतं. मला त्याला दाखवायचं होतं की जग तसं नसतं. माझ्या आईला काय मिळायला हवं होतं, ते मला त्याच्या डोळ्यांपुढं ओतायचं होतं.

पाळकांना विचारून मी साहेबांच्या मुलीला फोन केला. ती फोनवरच रडायला लागली. "सांगा हो बाई सगळ्यांना," म्हणाली, "पप्पा एकटेच बसलेत. त्यांना कळत नाही." मग मी कामाला लागले. ग्रुपवर संदेश, मग एकेक फोन, मग आप्पांसारख्यांच्या दारात स्वतः. एवढ्या तळमळीनं मी आजवर कुणाची खबर दिली नव्हती. डेमू गाडीनं माणसं पुण्याला जाऊ लागली. कुणी पिठलं-भाकरी नेली, कुणी रात्रीला थांबायच्या पाळ्या लावल्या, मंडळीतल्या शिरूरकडच्या बाया जीप करून गेल्या. ज्या बायांना मी भिंतीवरचे फोटो काढायला लावले होते, त्याच सगळ्यांत आधी गेल्या.

साहेबांचा फोन आला. आवाज बसलेला होता. "बाई, पुरे करा आता. माणसं थांबत नाहीत."

"ती तुमचीच माणसं आहेत साहेब. त्यांना कळलं म्हणून आली. सांगितलं की येतात."

 त्यांनी फोन ठेवला. मी तो फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी होते आणि मला हसू येत होतं. चांगलं हसू नव्हतं ते.

मिसेस वाचल्या. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. त्या घरी आल्यावर मी भेटायला गेले. सगळ्यांत शेवटी, मुद्दाम. साहेबांनी दार उघडलं. दाढी वाढलेली. मला आत घेतलं आणि स्वतः खिडकीशी उभे राहिले. मिसेसनी डाव्या हातानं माझा हात धरला. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता.

"तुमच्या आई... माझ्या बाळंतपणाला... होत्या. मी त्या दिवशी... फोटोत हसत होते. मला... कोणी सांगितलं नाही."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या घरातून बघताना ती बाई नेहमी साहेबांची मिसेस होती, बस. तिच्याकडूनही आई हिरावून घेतली गेली होती, हे कधी माझ्या मनात आलं नव्हतं. मी तिचा हात सोडला नाही. माझा राग मात्र कमी झाला नाही, उलट तिच्या वाटचाही त्यात मिसळला.

निघताना साहेब अंगणापर्यंत आले. म्हणाले, "बाई, माझं चुकलं. त्या दिवशी."

मी याच वाक्यासाठी इतके दिवस थांबले होते. वाटलं होतं, ते ऐकलं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. मी म्हटलं, "मला एकटीला सांगून काय उपयोग? ज्यांच्यापासून लपवलंत, त्यांना सांगा. रविवारी. सूचनांमध्ये."

"सगळ्यांसमोर?"

"लपवलंत तेही सगळ्यांपासूनच."

रविवारी ते आले. मी आधी आजाऱ्यांच्या सूचना वाचल्या, मग एका मुलासाठी रक्ताची गरज होती ती, मग त्यांच्याकडं पाहिलं. ते उठून पुढं आले, माइक न घेता बोलले. म्हणाले, बाईंच्या आई गेल्या त्या रविवारी मला पहाटे कळलं होतं, फोटो बिघडेल म्हणून मी मंडळीला सांगितलं नाही, मी पाप केलं. एवढं बोलून ते जागेवर जाऊन बसले. आप्पा डोळे पुसत होते. पाळकसाहेबांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की आता मी जाऊन साहेबांचा हात हातात घ्यावा. मी गेले नाही. पुढची सूचना वाचली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. त्या दिवशी घरी जाऊन मी पोटभर जेवले.

त्यानंतर साहेबांनी स्वतःहून विचारलं, की सूचनांच्या कामात काही मदत करू का. मी त्यांना लाइनीपलीकडची घरं दिली. फोन नसलेली, चढउताराची, कुत्र्यांची वस्ती. तिकडं मयत किंवा दुखणं झालं की यांनी दारोदार जाऊन सांगायचं. त्यांना गुडघेदुखी आहे, हे मला माहीत होतं. ते नाही म्हणाले नाहीत. ऊन असो की पाऊस, स्कूटी लावून चालत जातात. पलीकडच्या बाया आता त्यांना साहेब म्हणत नाहीत, मामा म्हणतात.

पाळकसाहेब अधूनमधून विचारतात, क्षमेचं काय झालं. मी सांगते, त्याला घाई नाही. परवा भर दुपारी साहेब माझ्या दारात आले, एका म्हातारीची माती संध्याकाळी आहे, पलीकडं सगळ्यांना सांगून झालं, एवढं सांगायला. शर्ट घामानं भिजलेला. पाणी मागितलं. मी तांब्याभर दिलं. ते उभ्यानं प्यायले. बसा, असं मी म्हटलं नाही.